हजार डॉलरचं म्हातारपण

पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा.

आपल्या ओळखीपाळखीतली जी माणसं ऐंशी-नव्वदच्या दशकात अमेरिकेला गेली, ती आता एकेक करून रिटायर व्हायला लागलीत. गेल्या वर्षभरात अशा तिघा-चौघांच्या तोंडून मी एकच नाव ऐकलं : कोस्टा रिका. ‘अमेरिकेत पेन्शनवर भागत नाही, पुण्यात आता जीव रमत नाही, मग तिकडं बघावं का?’ असा सूर. यूट्यूबवर त्याचे ढीगभर व्हिडिओ आहेत. निळा समुद्र, माडाची झाडं, हातात शहाळं घेतलेला पासष्टीचा गोरा माणूस, आणि खाली मोठ्या अक्षरात ‘महिना दोन हजार डॉलरमध्ये राजासारखं जगा.’

मी काही व्हिसा सल्लागार नाही. पण ‘स्वस्त आणि मस्त’ असं जे जे दिसतं, त्याच्यामागे कुणीतरी कधीतरी एक कायदा केलेला असतो आणि त्याचं बिल कुणाच्यातरी नावावर फाटलेलं असतं, एवढं या धंद्यात राहून कळलंय. म्हणून या गोष्टीचा इतिहास चाळला. तो व्हिडिओपेक्षा बराच मोठा निघाला.

आधी नकाशा. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेला जोडणारी जी चिंचोळी पट्टी आहे, तिच्यात वर निकाराग्वा, खाली पनामा आणि मध्ये कोस्टा रिका. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या साधारण एक षष्ठांश. लोकसंख्या पन्नास लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचा एखादा मोठा जिल्हा.

या देशात गोरे अमेरिकन पेन्शन घेऊन आले ते अगदी अलीकडे. पहिल्यांदा आले ते बंदुका घेऊन.

विल्यम वॉकर नावाचा टेनेसीचा एक माणूस होता. १८५५ मध्ये निकाराग्वातल्या यादवी युद्धात एका बाजूने त्याला भाडोत्री सैनिक घेऊन बोलावलं. हा साठेक माणसं घेऊन आला आणि वर्षभरात स्वतःच निकाराग्वाचा राष्ट्राध्यक्ष होऊन बसला. तिथं बंद झालेली गुलामगिरी त्याने परत सुरू करण्याचा हुकूम काढला. शेजारच्या कोस्टा रिकाचे अध्यक्ष हुआन राफाएल मोरा यांनी पुढचा धोका ओळखला आणि १८५६ च्या मार्चमध्ये युद्ध पुकारलं. वॉकरची एक तुकडी सरहद्द ओलांडून ग्वानाकास्ते प्रांतात घुसली होती. सांता रोसा इथं शेतकऱ्यांच्या फौजेने तिला पिटाळून लावलं. पुढं ११ एप्रिलला निकाराग्वातल्या रिवास गावात लढाई झाली. तिथं अमेरिकन ज्या इमारतीत दडून गोळ्या झाडत होते, तिला हुआन सांतामारिया या गरीब घरच्या ढोल वाजवणाऱ्या पोराने आग लावली आणि त्यात तो मेला. ११ एप्रिल ही आजही तिथली राष्ट्रीय सुट्टी आहे. फौज परत आली ती कॉलरा घेऊन, आणि त्या साथीत देशाची जवळपास एक दशांश माणसं गेली.

हे सविस्तर सांगायचं कारण असं, की आज अमेरिकेतून कोस्टा रिकात उतरणारा पेन्शनर बहुतेक वेळा ज्या विमानतळावर उतरतो, त्याचं नाव हुआन सांतामारिया विमानतळ. आणि ज्या ग्वानाकास्ते प्रांतातून वॉकरची माणसं हाकलली, त्याच प्रांताच्या किनाऱ्यावर आज सगळ्यात महागडे बंगले उभे आहेत.

दुसऱ्यांदा अमेरिकन आले ते रेल्वे आणि केळी घेऊन. मायनर कीथ नावाच्या कंत्राटदाराने राजधानीपासून कॅरिबियन किनाऱ्यापर्यंत रेल्वे बांधून द्यायची, त्याबदल्यात त्याला ९९ वर्षांचा रेल्वेचा ताबा आणि आठ लाख एकर जमीन, असा करार १८८४ मध्ये झाला. रुळाच्या कडेला त्याने केळी लावली. त्यातूनच १८९९ मध्ये युनायटेड फ्रूट कंपनी उभी राहिली. ‘बनाना रिपब्लिक’ हा शब्द या सगळ्या पट्ट्यातून आला.

तिसऱ्यांदा जे आले ते मात्र वेगळे होते. क्वेकर हा ख्रिश्चनांमधला युद्ध न मानणारा पंथ. अलाबामा राज्यातल्या काही क्वेकर तरुणांनी सक्तीच्या लष्करभरतीत नाव नोंदवायला नकार दिला आणि तुरुंगवास भोगला. सुटल्यावर या मंडळींनी सैन्य नसलेला देश शोधायला सुरुवात केली. १९५१ मध्ये त्यांनी कोस्टा रिकाच्या डोंगरात जमीन घेतली, वस्तीला माँतेवेर्दे नाव दिलं, गायी पाळल्या, चीजचा कारखाना काढला आणि पाण्याच्या उगमाजवळचं जंगल राखून ठेवलं. आज ते जंगल जगप्रसिद्ध आहे.

सैन्य नसलेला देश ही काही जाहिरात नव्हती. १९४८ मध्ये निवडणुकीच्या निकालावरून तिथं यादवी झाली, दीडेक महिना चालली. जिंकलेल्या बाजूचा नेता होसे फिगेरेस. सत्ता हातात आल्यावर साधारणपणे माणूस सैन्य वाढवतो. याने १ डिसेंबर १९४८ ला राजधानीतल्या छावणीच्या भिंतीवर हातोडा मारला आणि सैन्य बरखास्त केल्याचं जाहीर केलं. १९४९ च्या राज्यघटनेत ते कलमच घातलं. ती छावणी आज राष्ट्रीय संग्रहालय आहे.

आणखी एक गोष्ट त्याच्याही आधीची. १९४१ मध्ये राष्ट्राध्यक्ष काल्देरोन ग्वार्दिया यांनी सामाजिक सुरक्षेची संस्था काढली. लोक तिला नुसतं ‘काहा’ म्हणतात, म्हणजे पेटी. कामगार, मालक आणि सरकार तिघांनी पेटीत पैसे टाकायचे, त्यातून दवाखाना आणि पेन्शन. फिगेरेस हा काल्देरोनचा कट्टर विरोधक. यादवी झाली ती या दोन गटांतच. पण जिंकल्यावर त्याने काहा मोडली नाही, उलट पुढच्या काळात ती वाढतच गेली. विरोधकाची योजना बंद करून स्वतःच्या नावाची नवी काढायची सवय आपल्याला चांगली माहीत आहे, म्हणून हे मुद्दाम नोंदवतो. आज कोस्टा रिकात माणसाचं सरासरी आयुष्य ऐंशीच्या आसपास आहे आणि अमेरिकेच्या ते मागे नाही, त्याची मुळं इथं आहेत.

आता पेन्शनकडे येऊ.

अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचा कायदा झाला १९३५ मध्ये. पहिला मासिक चेक १९४० च्या जानेवारीत आयडा मे फुलर नावाच्या बाईंना मिळाला, २२ डॉलर ५४ सेंट. या पेन्शनची खुबी अशी की ती अमेरिकन माणसाला बहुतेक कुठल्याही देशात मिळते. क्यूबा आणि उत्तर कोरियासारखे अपवाद सोडले तर चेक पाठोपाठ येतो. १९६५ मध्ये म्हाताऱ्यांसाठी मेडिकेअर ही आरोग्य योजना आली, ती मात्र देशाबाहेर जवळपास लागूच नाही. म्हणजे पेन्शन सोबत नेता येते, दवाखाना नेता येत नाही. पुढची सगळी गोष्ट या एका फरकावर फिरते.

१९७० मध्ये फिगेरेस तिसऱ्यांदा राष्ट्राध्यक्ष झाला. देशाची कमाई कॉफी आणि केळ्यांवर, दोन्हीचे भाव परदेशात ठरणार. डॉलर हवे होते. १९७१ मध्ये कायदा आला : ज्याला परदेशातून ठरावीक पेन्शन येते, त्याने इथं येऊन राहावं, घरसामान आणि गाडी आयात शुल्क न भरता आणावी. स्पॅनिशमध्ये या माणसाला म्हणतात ‘पेन्शिओनादो’. कल्पना साधी आणि हुशार होती. या पाहुण्याला नोकरी द्यायची नाही, त्याच्या पोरांसाठी शाळा काढायची नाही. तो फक्त दर महिन्याला डॉलर आणणार आणि इथं खर्च करणार. त्याला तरुणपणी वाढवण्या-शिकवण्याचा खर्च दुसऱ्या देशाने केलेला.

पण दार उघडलं की कोण येईल हे आपल्या हातात राहत नाही. १९७२ मध्ये रॉबर्ट वेस्को आला. गुंतवणूकदारांचे २२ कोटी ४० लाख डॉलर लुबाडल्याचा आरोप असलेला हा अमेरिकन फायनान्सर. तो पेन्शनर नव्हता, पण पैसेवाल्या परदेशी माणसाचं स्वागत करायचं हे धोरण त्याला लागू पडलं. फिगेरेसशी संबंधित कंपनीत त्याचे वीस लाखांहून जास्त डॉलर आले. १९७४ मध्ये प्रत्यार्पणाचा कायदा असा बदलला की लोक त्याला उघड ‘वेस्को कायदा’ म्हणू लागले. ज्याने सैन्य मोडलं तोच हा फिगेरेस. माणसं अशी मिश्रच असतात. १९७८ मध्ये रोद्रिगो काराझो सत्तेवर आले आणि वेस्कोचा तिथला मुक्काम संपला.

मग १९८० चं दशक. तेल महागलं, कॉफी पडली, कर्ज फुगलं. १९८१ मध्ये कोस्टा रिकाने परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले. डॉलरला साडेआठ कोलोनचा जो भाव वर्षानुवर्षं होता तो कोसळला. तिथल्या शिक्षकाचा, कारकुनाचा पगार काही महिन्यांत पातळ झाला. त्याच वेळी डॉलरमध्ये पेन्शन घेणाऱ्या पाहुण्याची क्रयशक्ती मात्र वाढली. एकाच गल्लीत राहणाऱ्या दोन म्हाताऱ्यांपैकी एकासाठी जे संकट, तेच दुसऱ्यासाठी सेल.

हे फार काळ कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही असं कसं होईल? देशी माणूस गाडीवर जबर कर भरतो आणि परदेशी पेन्शनर बिनकराची गाडी फिरवतो, हा प्रश्न होताच. सरकारची तिजोरीही रिकामी होती. १९९२ मध्ये करसवलतींचा फेरआढावा घेणारा कायदा आला आणि पेन्शिओनादोंच्या सवलती गेल्या. ज्यांनी या सवलतींच्या हिशेबावर घरदार विकून इथं मुक्काम हलवला होता, त्यांना कळलं की परक्या देशाने दिलेली सवलत म्हणजे त्या देशाच्या संसदेची मर्जी. आणि कोस्टा रिकाच्या घटनेनुसार परदेशी माणसाला देशाच्या राजकारणात हस्तक्षेप करता येत नाही. म्हणजे मतही नाही.

तोवर शेजाऱ्यांनी हे दुकान बघितलं होतं. पनामाने १९८७ च्या जूनमध्ये पेन्शनर व्हिसा काढला. त्या महिन्यात लष्करशहा नोरिएगाविरुद्ध लोक रस्त्यावर होते, आणि अडीच वर्षांनी अमेरिकेने तिथं सैन्य उतरवलं. म्हणजे मुहूर्त काही बरा नव्हता, पण योजना टिकली. पनामात १९०४ पासून अमेरिकन डॉलरच चालतो, त्यामुळे विनिमय दराची कटकट नाही. कालव्याच्या निमित्ताने तीन पिढ्या अमेरिकन तिथं राहिलेले. त्याच महिन्यात पनामाने ज्येष्ठांसाठी सवलतींचा कायदाही केला : बाई ५५ ची आणि पुरुष ६० चा झाला की सिनेमाला निम्मं तिकीट, विमानात आणि रेस्टॉरंटमध्ये २५ टक्के सूट, डॉक्टरच्या फीमध्ये २० टक्के. गंमत म्हणजे व्हिडिओवाले ही सूट ‘परदेशी पेन्शनरांना पनामाची भेट’ म्हणून सांगतात. प्रत्यक्षात ती पनामाच्या स्वतःच्या म्हाताऱ्यांचीही आहे. परदेशी रहिवासी त्याच रांगेत उभा राहतो.

बेलीझने १९९९ मध्ये असाच कायदा केला. निकाराग्वाने २००९ मध्ये केला, तोही सगळ्यात स्वस्त, महिना ६०० डॉलर पेन्शन दाखवा आणि या. ग्रानादा शहरातले जुने वाडे अमेरिकनांनी विकत घेतले, रंगवले. एप्रिल २०१८ पर्यंत सगळं छान चाललं होतं. त्या महिन्यात ओर्तेगा सरकारने सामाजिक सुरक्षेची ‘सुधारणा’ आणली : कामगारांची वर्गणी वाढवायची आणि स्वतःच्या देशातल्या पेन्शनरांच्या पेन्शनमधून ५ टक्के कापायचे. म्हातारे रस्त्यावर आले, त्यांच्या पाठीशी विद्यार्थी उभे राहिले, सरकारने गोळ्या घातल्या. तीनशेहून जास्त माणसं मेली. परदेशी पेन्शनरांपैकी अनेकांनी घरं पडेल भावात काढली किंवा कुलूप लावून निघून गेले. परदेशी म्हाताऱ्यांना सवलत आणि आपल्या म्हाताऱ्यांना कात्री, हे एकाच सरकारने नऊ वर्षांच्या अंतराने केलं. तिथून पळालेले हजारो निकाराग्वन कोस्टा रिकात गेले. आज कोस्टा रिकात पेन्शनरांचे बंगले बांधणारे, बागा राखणारे, म्हाताऱ्यांची सेवा करणारे हात बऱ्याचदा निकाराग्वनच असतात.

आता सध्याचे नियम. कोस्टा रिकाचा चालू इमिग्रेशन कायदा २०१० पासून लागू आहे. पेन्शिओनादो व्हायला महिना किमान १,००० डॉलरची तहहयात पेन्शन दाखवावी लागते. नवरा-बायको दोघांना एकाच पेन्शनवर जाता येतं. नोकरी करता येत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, काहाचं सभासद व्हावंच लागतं, उत्पन्नाच्या हिशेबाने दरमहा वर्गणी भरून. १९४१ ची ती पेटी इथं परत येते. अमेरिकन माणूस मेडिकेअर मागे ठेवून येतो आणि एका छोट्या देशाने ऐंशी वर्षं पै-पै करून उभ्या केलेल्या दवाखान्याच्या रांगेत उभा राहतो. रांग खरोखर लांब आहे. ऑपरेशनसाठी प्रतीक्षा यादी हा तिथला कायमचा राजकीय विषय आहे. ज्याला जमतं तो खाजगीत जातो, आणि मोठं काही निघालं की बरेच जण अमेरिकेचं विमान पकडतात.

२०२१ मध्ये कोस्टा रिकाने चक्र उलटं फिरवलं. कोविडने पर्यटन झोपलं होतं. संसदेने नवा कायदा करून घरसामान आणि दोन गाड्यांवरची करमाफी पेन्शनर आणि गुंतवणूकदारांना परत दिली, नव्याने येणाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या मुदतीने. १९७१ ला दिलं, १९९२ ला काढलं, २०२१ ला परत दिलं. पुढं काय होईल याचा अंदाज तुम्हीच बांधा.

चलनाचंही तेच. २०२२ च्या मध्यात एका डॉलरला ७०० च्या जवळ कोलोन मिळत होते. २०२४ च्या सुरुवातीला ५०० च्या थोडे वर. हजार डॉलरचे सात लाख होते ते सव्वापाच लाखांच्या आत आले, आणि किराणा काही त्या प्रमाणात उतरला नाही. १९८१ ला पाहुण्याला जो फायदा झाला, त्याची ही दुसरी बाजू.

आणि तिथल्या माणसाचं काय? समुद्रकिनाऱ्याबाबत कोस्टा रिकाने १९७७ मध्ये चांगला कायदा केला. भरतीच्या रेषेपासून पहिले ५० मीटर सगळ्यांचे, तिथं बांधकाम नाही. पुढचे १५० मीटर सरकारी मालकीचे, फक्त भाडेपट्ट्याने. पण त्या २०० मीटरच्या मागची जमीन कुणीही घेऊ शकतो. तामारिंदो, नोसारा, सांता तेरेसा ही एकेकाळची मासेमारीची आणि गुरं चारायची गावं. आज तिथलं घरभाडं डॉलरमध्ये सांगतात. गावातल्या हॉटेलात काम करणारी पोरं गावात राहू शकत नाहीत. २००८ मध्ये ग्वानाकास्तेतल्या सार्दिनाल गावाने तर पाण्यासाठी आंदोलन केलं. त्यांच्या जमिनीखालचं पाणी पाइपलाइनने किनाऱ्यावरच्या हॉटेलं आणि बंगल्यांना न्यायचा घाट घातला होता. कोकणात धरण उशाला आणि हंडा डोक्यावर बघितलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

मग जावं की नाही?

आपल्याकडून थेट जाणाऱ्याचा प्रश्न फारसा येतच नाही. हजार डॉलरची तहहयात पेन्शन आपल्याकडे मोजक्या सरकारी अधिकाऱ्यांना आणि प्राध्यापकांना. ज्या ईपीएस-९५ पेन्शनरांच्या मोर्च्यांच्या बातम्या मी वर्षानुवर्षं करतोय, त्यांची किमान पेन्शन २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. आकडा तोच, चलन वेगळं.

प्रश्न आहे तो अमेरिकेतल्या आपल्या माणसांचा. त्यांना मी एवढंच सांगेन, की महिन्याचा खर्च हा हिशेबाचा सगळ्यात सोपा भाग आहे. सवलती गृहीत धरून निर्णय घेऊ नका. पन्नास वर्षांत त्या दोनदा आल्या नि एकदा गेल्या. आल्याबरोबर घर विकत घेऊ नका, वर्षभर भाड्याने राहा, पावसाळ्यासकट. मेडिकेअरचा पार्ट बी सोडायच्या आधी दहा वेळा विचार करा, कारण नंतर परत घ्यायला गेलं की दंड लागतो. स्पॅनिश शिका. डॉक्टरला कुठं दुखतंय ते सांगता आलं नाही तर समुद्राचा काही उपयोग नाही. आणि दोघांपैकी एक मागे राहिलं तर त्या गावात त्याचं कोण आहे, हा प्रश्न जायच्या आधी एकमेकांना मोठ्याने विचारा. हा प्रश्न पुण्यात किंवा सांगलीत येऊन राहणाऱ्यांनाही लागू आहेच. मेडिकेअर इथंही चालत नाही.

तुम्ही ज्या दवाखान्यात जाल तो तिथल्या कॉफीमजुराच्या वर्गणीवर उभा राहिलाय आणि ज्या शांततेसाठी जाल ती १९४८ ला त्यांनी किंमत मोजून मिळवलीय. एवढं ध्यानात ठेवून जो जाईल त्याला गावही सांभाळून घेईल, असं मला वाटतं. माँतेवेर्देच्या क्वेकरांना घेतलंच की.

कोस्टा रिकात, पनामात किंवा त्या पट्ट्यात कुठंही प्रत्यक्ष दिवस काढलेलं कुणी इथं असेल तर खाली लिहा. भाजीचा भाव राहू दे, आजारपणात काय झालं ते सांगा. निर्णय घ्यायच्या उंबरठ्यावर असलेले दोघंतिघं ही पोस्ट वाचणार आहेत, मला माहीत आहे.